नदीकडे तोंड करून उभ्या राहणाऱ्या बाई

बाईंनी मला पहिली हाक मारली ती 'गाढवा' अशी.

रेगेन्सबर्गला पीएचडीसाठी येऊन मला फार दिवस झाले नव्हते. विद्यापीठाच्या खेळांत क्रिकेट नाही म्हटल्यावर मी रागारागाने बेसबॉलला नाव घातलं. हिशेब सोपा होता. तिथेही बॅट, तिथेही बॉल, आणि आपण नाशिकला उन्हातान्हात अख्ख्या सुट्ट्या मैदानावर काढलेल्या. म्हटलं, या लोकांना जरा दाखवून देऊ. पहिल्याच सरावात माझी पाळी आली. पिचरने बॉल टाकला आणि मी डावा पाय पुढे काढून, कोपर वर ठेवून असा काही अडवला की बॉल पायाशीच गप झाला. मी बॅट काखेत धरली आणि पुढच्या बॉलची वाट बघत उभा राहिलो. सगळे माझ्याकडे टक लावून बघत होते. मला वाटलं, कौतुक चाललंय.

"अरे पळ की गाढवा!"

मराठी! डॅन्यूबच्या काठावर, बव्हेरियात, शनिवारी दुपारी! पळायचं सोडून मी आणखीच खिळलो. तेवढ्यात कुणीतरी माझ्या पायाशी पडलेला बॉल उचलून पहिल्या बेसला, म्हणजे पळत गाठायच्या पहिल्या ठाण्याला, फेकला आणि मी बाद झालो. बेसबॉलमध्ये बॉल बॅटला लागून मैदानात पडला की पळावंच लागतं, 'जाऊ दे, ही रन होत नाही' म्हणायची सोयच नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या बेसच्या बाजूला एक ठेंगणी बाई उभी होती. निळी टोपी, टोपीतून मागे निघालेला अंबाडा, कपाळावर टिकली, अंगात ट्रॅकसूट. आणि गंमत म्हणजे तिचं तोंड मैदानाकडे नव्हतंच. ती नदीकडे बघत होती.

"नाशिकचा की पुण्याचा?" तिने नदीलाच विचारल्यासारखं विचारलं.

"नाशिकचा. कसं ओळखलंत?"

"मारून उभा राहिलास आणि टाळ्यांची वाट बघतोयस. पुण्याचा असतास तर पिचरच्या चुका सांगितल्या असत्यास."

आमच्या टीमची कोच ती हीच. सगळे तिला 'बाई' म्हणत. जर्मन पोरांना ते तिचं नावच वाटायचं. त्यात जर्मनमध्ये 'कुणाकडे' म्हणायचं तर 'बाय' म्हणतात, त्यामुळे 'ट्रेनिंग बाय बाई' असं सगळे गंभीर चेहऱ्याने म्हणायचे. निघताना परदेशी पोरं 'बाय, बाई!' म्हणून हात हलवायची. मी एकटाच हसायचो. विनोद समजावून सांगायला गेलो तर कुणी हसलं नाही, उलट एकाने व्याकरण दुरुस्त केलं.

बाई मूळच्या जळगावच्या. कॉलेजात असताना सॉफ्टबॉल खेळायच्या. आमच्याकडे खानदेशात आणि विदर्भात मुली सॉफ्टबॉल खेळतात, चांगल्या चुरशीने खेळतात, आणि हे बाकी महाराष्ट्राच्या गावीही नसतं, यावर बाईंचा राग होता. लग्न होऊन इथे आल्या. नवरा मोटारींच्या कारखान्यात. पुढे याही तिथेच लागल्या, रंगाच्या विभागात. रंग देऊन आलेल्या दारांवर उजेड टाकून कुठे पुळी आलीय, कुठे ओघळ आलाय, ते शोधायचं. "आल्झो, आयुष्यभर दुसऱ्याच्या दारात उणं काढायचा पगार घेतला," असं त्या म्हणायच्या. मराठी वाक्याची सुरुवातही त्या जर्मन 'आल्झो'ने, म्हणजे 'तर'ने, करायच्या. आणि एखादी गोष्ट पटली की 'गेनाऊ' म्हणायच्या, ते मात्र अगदी जळगावच्या हेलात.

बाईंच्या सवयी सांगायला बसलो तर संध्याकाळ व्हायची. सरावाला येताना त्या केळी आणायच्या, सगळ्यांना एकेक सक्तीने द्यायच्या, आणि प्रत्येक वेळी म्हणायच्या, "ही केळी नव्हेत रे, केळ्यांचे फोटो आहेत. खा." नदीतून मालाची लांबलचक बोट गेली की सराव थांबायचा. बाई टोपी मागे सारून तिच्याकडे बघत राहायच्या. "कुठे चालली असेल?" असं एकदा मी विचारलं.

"भुसावळला."

"नदीतून?"

"जंक्शन आहे. तिथे बदललं की कुठेही जाता येतं." आणि पुन्हा शांतपणे, "हां, चला, टाका बॉल."

त्या उन्हाळ्यातल्या दुपारी आठवतात त्या अशाच, हळूहळू सरकणाऱ्या. पलीकडे कुठल्यातरी चर्चची घंटा वाजतेय, काठावर पॉपलरची उंच झाडं सळसळतायत, आणि मैदानावर आमची पोरं सोपे झेल सोडतायत. आमची टीम यथातथाच होती. दोन इंजिनियर, एक पाद्री व्हायला निघालेला, बाकी मिळेल ते. मुलं-मुली एकत्र खेळायची. त्यातल्या त्यात खरी खेळाडू म्हणजे आमची कप्तान, मेडिकलची विद्यार्थिनी, उंच, बोलायला अगदी कंजूष. मी राखीव. म्हणजे बाकावर बसायचं आणि कुणाचा पाय मुरगळतोय का ते बघायचं.

बाकावर बसायला लागलो तेव्हाच बाईंचं मला कळलं. म्हणजे त्यांनीच सांगितलं, सीझनच्या अगदी सुरुवातीला. आमचा बाक तिसऱ्या बेसला लागूनच होता. पोरं गरम व्हायला पळत होती. बाई शेजारी येऊन बसल्या, नदीकडे तोंड करून.

"तुझे कान मोठे आहेत," त्या म्हणाल्या.

"काय?"

"कान दिसतात मला तुझे. नाक नाही दिसत. सरळ तुझ्याकडे बघितलं की तू जातोस. बाजूला बघितलं की कडेने येतोस."

मला आधी थट्टाच वाटली. पण त्या शांतपणे सांगत गेल्या. डोळ्यांच्या आतला पडदा मधोमध खराब होत चाललाय. फोटोवर मधोमध कुणी तेलकट बोट ठेवावं तसं. बोट वाढत चाललंय. कडेचं अजून बरं आहे, तेही किती दिवस, डॉक्टर काही सांगत नाही. म्हणून त्या मैदानाकडे न बघता नदीकडे बघायच्या. तोंड नदीकडे केलं की मैदान डोळ्याच्या कडेला यायचं. आम्ही समजत होतो, बाई तंद्रीत असतात. बाई नजर लावून मॅच बघत होत्या.

"लाजाळू झालंय रे सगळं," त्या म्हणाल्या. "बघायला गेलं की लपतं."

मग कामाचं बोलल्या. बेसबॉलमध्ये तिसऱ्या बेसजवळ कोच उभा राहतो. पळत येणाऱ्याच्या पाठीमागे बॉल असतो, त्याला तो दिसत नाही. त्याने कोचकडे बघायचं. कोच थांब म्हणाला की थांबायचं, जा म्हणाला की डोळे मिटून होमकडे, म्हणजे मारणाऱ्याच्या जागी, जिथे पोहोचलं की रन होते, पळायचं. पळणाऱ्याचे डोळे म्हणजे कोच. आणि आमच्या कोचला बॉल धड दिसत नव्हता.

"तू इथे बाकावर बसतोस. तू मला मराठीत सांगायचं. बाकीच्यांना कळत नाही. एवढा एक सीझन मला तिथे उभं राहायचंय. शेवटच्या बॉलपर्यंत."

"आणि कुणाला कळलं तर?"

"तर काढतील. काढायलाच हवं. म्हणून तर कळू द्यायचं नाही."

मी म्हटलं, "पण बाई, एवढं कशासाठी?"

"कॉलेजात शेवटची मॅच राहिली होती आणि लग्न ठरलं. घरच्यांनी नेलं उचलून. पोरी म्हणाल्या, तू नव्हतीस म्हणून हरलो. आल्झो, अर्धवट सोडलेलं एक आहे आयुष्यात. दुसरं नको."

मला नाही म्हणता आलं नाही. खरं सांगतो, छाती जरा फुगलीच. टीममध्ये माझा कुणाला काडीचा उपयोग नव्हता. इथे एकदम डोळेच झालो कुणाचे तरी!

आणि मी लागलो की रंगात यायला! लहानपणी रेडिओवर ऐकलेली सगळी कॉमेंट्री अंगात आली. "निळ्याशार आकाशाच्या पार्श्वभूमीवर हा चेंडू उंच उंच..." एवढं म्हणतोय तोवर आमचा खेळाडू दुसऱ्या बेसवर बाद होऊन शिव्या देत परत यायचा.

"बॉल कुठे पडला?" बाई दात-ओठ खात पुटपुटायच्या.

"तेच सांगतोय ना."

"तू आभाळ सांगतोयस. आभाळ मला दिसतं. बॉल सांग. रंगवून सांगू नको, लांबवून सांगू नको, मला बरं वाटावं म्हणून तर मुळीच सांगू नको. आहे ते, आहे तसं."

हळूहळू जमलं. मी पुटपुटायचो, "डावीकडे, जमिनीवरून, सुटला, उचलला, फेकतोय." बाई तोंड नदीकडे ठेवूनच हात गरागरा फिरवायच्या किंवा दोन्ही तळवे पुढे करून 'थांब' करायच्या. आमच्या पोरांचा त्यांच्यावर देवासारखा विश्वास. बघायलासुद्धा वळत नाही आणि बरोबर सांगते! दुसऱ्या टीमची पोरं तर टकाटका बघत राहायची. फ्रँकफर्टहून आलेल्या एका कोचने मला हळूच विचारलं, "या ध्यान करतात का?" मी म्हटलं, "हो, भारतीय पद्धत आहे."

तरी आम्ही हरायचोच. बाईंचे डोळे चालत नव्हते म्हणून नाही, आमचे हात चालत नव्हते म्हणून.

जूनमध्ये पॉपलरचा कापूस उडायला लागला. ही झाडं इथे तेव्हा कापूस सोडतात. पांढरे पुंजके हवेत तरंगत असतात, मैदानावर थर बसतो, पोरं शिंकत असतात. जळगावच्या बाई त्यात उभ्या राहून हात पसरायच्या. "आमच्याकडे कापूस शेतातून यायचा रे, इथे आभाळातून येतो. वेचायलाही नको." दिसायला हे फार सुरेख होतं, पण आमच्या कामाचा सत्यानाश. पांढरा बॉल, पांढरा कापूस. बाईंच्या डोळ्याच्या कडेला सगळीकडे बॉलच बॉल.

त्या कापसातच तो सामना झाला. आम्ही जिंकलो असा एकमेव सामना, आणि तो माझ्या चुकीने जिंकलो. कप्तान तिसऱ्या बेसवर उभी होती. एक रन झाली की जिंकलो. आमच्या पाद्र्याने बॉल उंच उडवला. आता यात नियम असा: उंच बॉल झेलला जाईपर्यंत बेसवरच्याने पाय लावून थांबायचं, झेल झाला की पळायची मोकळीक. म्हणजे झेल कधी झाला हे नेमकं कळायला हवं. बाईंना त्या कापसातून काही दिसेना.

"झेलला का रे?" त्यांनी विचारलं.

आता इथे राहून राहून माझी जीभ बिघडली होती. लॅबमध्ये, दुकानात, बसमध्ये दिवसभर जर्मन 'हो' करून करून तोंडात तेच बसलेलं. आणि जर्मन 'हो' म्हणजे 'या'. मी ओरडलो, "या!"

कप्तानने ऐकलं जर्मन. म्हणजे, हो, पळ. ती सुटली. बाईंनी ऐकलं मराठी. त्यांना वाटलं मी त्यांना बोलावतोय, तेही अदबीने. त्या आपली जागा सोडून माझ्याकडे चालत निघाल्या! तिकडे बॉल हातात घेतलेला खेळाडू बघतोय, समोरची कोच भर डावात मैदान सोडून बाकाकडे चाललीय. त्याला वाटलं खेळ थांबला. तो बॉल धरून उभाच राहिला. कप्तान आरामात होमला पोहोचली.

सगळ्यांनी बाईंना उचलून घेतलं. काय डोकं, काय हूल दिली! बाई वरून मला विचारतायत, "आधी सांग, मधेच कशाला बोलावलंस?"

"मी कुठे बोलावलं?"

"या म्हणालास ना?"

"ते... हो म्हणालो मी."

बाईंना समजायला क्षणभर लागलं. मग त्या अशा हसल्या की टोपी पडली. खाली उतरल्यावर मात्र कान पकडला माझा, खरोखरचा. "हो म्हणायला काय धाड भरते का तुला? मराठीत विचारलं की मराठीत सांगायचं. एक अक्षर चुकलं तर कुणाचा तरी पाय मोडेल."

कप्तान घाम पुसत शेजारून जाता जाता थांबली. "तुम्ही दोघं सारखं काय बोलत असता?" तिने मला विचारलं.

"डावपेच," मी म्हटलं.

"गेनाऊ," ती म्हणाली आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघून निघून गेली.

पाय मोडायचं बाईंनी सहज म्हटलं, पण मला भीती होती ती बाईंचीच. तिसऱ्या बेसच्या अंगाने मारलेले बॉल कधीकधी सणसणत येतात. एकदा सरावात एक असाच आला. बाईंच्या कानाजवळून गेला, अंबाड्याचे केस हलले. बाई जागच्या हलल्या नाहीत. पोरं आ वासून बघत राहिली. काय धीराची बाई! मला मात्र माहीत होतं, बाईंना तो दिसलाच नव्हता. आणि तो सांगायला मला वेळही मिळाला नव्हता.

त्या दिवशी सराव संपल्यावर काका गाडीत वाट बघत होते. काका म्हणजे बाईंचे यजमान. बाईंनी गाडी चालवणं सोडलं होतं, पर्यावरणासाठी, असं त्या टीमला सांगायच्या. जर्मन पोरांना त्याचं भारी कौतुक वाटायचं. मग काका रोज गाडीने सोडायला आणि न्यायला येतात, त्यात पर्यावरणाचं काय होतं, हे कुणी विचारलं नाही.

काकांनी काच खाली केली. "तू समजावून सांग तिला. माझं ऐकत नाही. कानाजवळून गेला ना आज?"

"तुम्ही बघितलं?"

"मी रोज बघतो इथे बसून. तिला वाटतं, मी पेपर वाचतो."

तेवढ्यात बाई आल्या. "अहो, काय चाललंय?"

"काही नाही. हवापाण्याच्या गप्पा."

मी मात्र बोललो. बोललो म्हणजे चांगला कडाडलो. म्हटलं, बाई, पुरे झालं. हा काही खेळ नाही. तुम्हाला बॉल लागला तर मी काय तोंड दाखवू काकांना? तुमच्या हट्टापायी मला मॅचच्या आदल्या दिवशी जेवण जात नाही. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, गाडीच्या टपावर हात ठेवून, तोंड दुसरीकडे करून.

"झालं?"

"झालं."

"तुला सांगायला ठेवलंय, शिकवायला नाही," त्या म्हणाल्या. मग आवाज उतरला. "अरे, मला काय समजत नाही का? पण तिथे उभी राहिले की अजून दिसतं रे. थोडं दिसतं. घरी बसून टीव्हीसुद्धा दिसत नाही, इथे एवढंसं तरी दिसतं. उजेड असतो, पोरं पळतात, काहीतरी पांढरं उडतं. हे गेलं की मग काय बघू मी? तूच सांग."

काकांनी गाडी सुरू केली. पुढच्या सरावापासून बाई हेल्मेट घालायला लागल्या, अंबाड्यावर बसेना म्हणून वेणी घालून यायला लागल्या. एवढंच ऐकलं माझं.

जुलैत शेवटचा सामना. फार मोठं काही ठरणार नव्हतं. जिंकलो तर शेवटून दुसरे, हरलो तर शेवटचे. पण बाई सकाळपासून गप्प होत्या. केळी वाटली, पण फोटोचा शेरा मारला नाही. एक बोट गेली नदीतून, तिच्याकडेही लक्ष नव्हतं.

उन्हं कलती झाली तसा सामना रंगत गेला. आमची पोरं त्या दिवशी अंगात आल्यासारखी खेळत होती. शेवटचा डाव आला. आम्ही एका रनने मागे, दोघं बाद झालेले. आणखी एक बाद झाला की सामना संपला, सीझन संपला. आणि पाळी होती पाद्र्याची, जो नुकताच घोटा सुजवून बाकावर पाय पसरून बसला होता.

कप्तानने माझ्याकडे बघितलं. दुसरं कुणी नव्हतंच.

मी बॅट घेतली, हेल्मेट चढवलं आणि बाईंपाशी गेलो. "बाई, आता तुम्हाला सांगणार कोण?"

"तू जा."

"बाई..."

"जा म्हटलं ना. माझं मी बघते."

मी गेलो. पहिला बॉल दिसलाच नाही. दुसऱ्याला बॅट फिरवली, हवा लागली. तिसरा पट्ट्यात आला. मी सगळं क्रिकेट विसरून, डोळे जवळजवळ मिटून, घण घातल्यासारखी बॅट घातली. आणि लागला! असा लागला की तळहातापासून खांद्यापर्यंत सगळं गोड झालं. मी बॅट फेकली आणि पळत सुटलो. पहिला बेस मागे पडला. बॉल कुठे आहे, मला कळत नव्हतं. दुसरा बेस. पोरं ओरडत होती, काय ते ऐकू येत नव्हतं. मान वर केली तर समोर बाई. नदीकडे तोंड, आणि उजवा हात जोरजोरात फिरवतायत. चेहरा असा उजळला होता की मी तसा कधी बघितला नव्हता.

"पळ! पळ रे बाबा, घरी जा!"

तिसरा बेस ओलांडताना मला होमवरचा खेळाडू दिसला. तो ग्लोव्ह पुढे करून उभा होता. म्हणजे बॉल येत होता. मी थांबू शकलो असतो. तिसऱ्यावर थांबलो असतो तरी सामना जिवंत होता. पण बाईंनी जा म्हटलं होतं. मी गेलो. मी निम्म्यात असतानाच बॉल त्याच्या हातात पडला. तो बॉल घेऊन माझी वाट बघत उभा राहिला, आणि मी त्याच्या पायाशी जाऊन लोळलो.

बाद. संपलं सगळं.

मी मातीत तसाच पडून राहिलो. भयंकर संताप आला होता, कुणाचा ते कळत नव्हतं. बाई चालत आल्या. हातांनी हेल्मेट काढलं, वेणी सुटून खांद्यावर आली.

"काय झालं? पोहोचलास ना?"

"आउट झालो, बाई."

"कसं शक्य आहे?" त्यांचा चेहरा अजून तसाच उजळलेला. "झाडांवरून गेला ना बॉल. मी बघितला. स्पष्ट बघितला रे! पांढरा. वर वर गेला, पॉपलरच्या शेंड्यावरून पलीकडे. कित्येक महिन्यांत असा बॉल दिसला नव्हता मला."

मी वळून बघितलं. बॉल झाडांपर्यंत गेलाच नव्हता. गवतातून सरपटत गेला, डावीकडच्या पोरीने उचलला आणि नेमका फेकला, हे पोरांनी मागाहून सांगितलं. झाडांच्या शेंड्यांवर मात्र एक कुरव पक्षी घिरट्या घालत होता, पांढराशुभ्र. माझ्या बघण्यात तो नदीपलीकडे गेला.

माझ्या जिभेवर आलं होतं, हो बाई, गेला होता झाडांवरून, मीच हळू पळालो. काय बिघडलं असतं? एक बॉल त्यांच्याकडे राहिला असता कायमचा. माझा जीव एवढा कळवळला की डोळ्यांत पाणी आलं. पण बाईंनी मला एकच काम दिलं होतं.

"पक्षी होता, बाई," मी म्हटलं.

बाई सावकाश, गुडघ्यावर हात टेकत, माझ्याशेजारी मातीत बसल्या. कप्तान जवळ येऊन उभी राहिली होती, बाकीची पोरं थोडी मागे.

"कुठला?"

"कुरव. मोठा होता."

"छान होता पण," बाई म्हणाल्या. "फार छान गेला."

मग त्यांनी कप्तानकडे तोंड वळवलं आणि जर्मनमध्ये, शब्द सुटे सुटे करून सांगितलं. मला बॉल दिसत नाही. पुष्कळ दिवस दिसत नाही. आजचा आउट याचा नाही, माझा आहे. तिथे आता दुसऱ्या कुणीतरी उभं राहायला हवं.

"मला माहीत आहे," कप्तान म्हणाली.

"कधीपासून?"

"मेपासून. मी डोळ्यांच्याच वॉर्डात शिकतेय सध्या, बाई. तिथले सगळे पेशंट असेच बाजूला बघतात."

"आणि तरी मी जा म्हटलं की पळायचीस?"

कप्तानने खांदे उडवले. "बरेचदा बरोबर असायचं."

बाईंनी मान खाली घातली. खांदे हलत होते. हसतायत की रडतायत, मला ठरवता येईना, आणि कुणी पुढे होईना. काका गाडीतून उतरून कुंपणापाशी येऊन थांबले होते, आत आले नाहीत. बऱ्याच वेळाने बाईंनी बाहीने तोंड पुसलं आणि मान वर केली, सरळ समोर.

"आता सांग," त्या मला म्हणाल्या. "तिकडे काय चाललंय?"

मी उठून बसलो. "त्यांची पोरं नाचतायत. पिचरला उचलून घेतलंय. अंपायर होमची पाटी झाडतोय, उगीचच."

"आणि आपली?"

"आपली तुमच्याकडे बघतायत."

"सगळी?"

"हो," मी म्हटलं. "सगळी."